सांगता येत नाही

कक्कडाच्या, म्हणजे भर पावसाळ्याच्या, महिन्यात आमच्याकडे कपडे चुलीवर वाळवावे लागतात. महिनाभर ऊन दिसत नाही, लावणीच्या चिखलाने पायांच्या बोटांना चिखल्या होतात आणि मडिकेरीच्या रस्त्याला एखादी गाडी दिसली तर नवल. अशा दिवसांत शहाणा माणूस हॉटेलाला कुलूप लावून शेताकडे बघतो. पण माझ्या नवऱ्याला हे कोण सांगणार? मंदण्णाला वर्षातले हेच दोन महिने खरे वाटतात, कारण आमच्या कोडगूच्या, म्हणजे कूर्गच्या, रानात खाण्यासारखं जे काही उगवतं ते याच दिवसांत उगवतं.

वीस वर्षं तो बंगळुरातल्या एका बड्या हॉटेलात शेफ होता. हाताखाली अकरा माणसं, डोक्यावर हातभर उंच पांढरी टोपी. एक दिवस तिथे परदेशातून डब्यात भरून आलेले बांबूचे कोंब कापायची वेळ आली आणि त्याच आठवड्यात आपण राजीनामा दिला, असं तो गिऱ्हाइकांना सांगतो. त्याचे गुडघे दुखत होते हे सांगत नाही. घरी आला आणि पुढच्या पडवीत त्याने सहा टेबलं मांडली. कालचं आज शिजवायचं नाही आणि पायी जाऊन येता येणार नाही इतक्या लांबचं काही आणायचं नाही, हा त्याचा कायदा. त्यातून मीठ तेवढं सुटलं.

तो आणलेल्या भाजीला कसा हात लावतो ते मी बघत आले आहे. नेच्याचा कोवळा कोंब नखाने मोडायचा, मोडल्याचा आवाज ऐकायचा, मग नाकाशी धरायचा. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, माझ्याकडे त्याने इतक्या लक्षाने कधी पाहिल्याचं मला आठवत नाही. हे मी त्याला तोंडावर म्हणते आणि तो हसतो.

हॉटेलच्या पाटीवर आज काय मिळेल ते लिहायचं काम त्याचं असलं तरी काय लिहायचं ते चोमी ठरवायची. चोमी येरव या आदिवासी जमातीतली बाई, साठी ओलांडलेली. तिची आई माझ्या सासऱ्यांच्या शेतात राबली, ती स्वतःही राबली. आता टेकडीमागच्या पाडीवर, येरवांच्या वस्तीत, राहते. सकाळी सातच्या सुमाराला ती मागच्या दाराच्या दगडी पायरीवर येऊन बसायची आणि टोपलीवरचं प्लास्टिक काढायची. कधी बांबूचे कोंब, कधी ओढ्यातले खेकडे, कधी वारुळावरची अळंबी. ती पायरीच्या वर कधी आली नाही आणि मंदण्णाला अय्या, म्हणजे मालक, म्हणायची. तिचा कॉफीचा पेला वेगळा होता, कोनाड्यात पालथा ठेवलेला. तो वेगळा का, हे मी विचारलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

अळंबी विकणाऱ्या बाईजवळ भांडवल एकच असतं, तिची नजर. सोमवारच्या बाजारात चाळीस वर्षं चोमी पोतं अंथरून बसत आली. तिच्या टोपलीतलं घरी जाऊन कुणी परत निवडत नसे, सरळ कढईत टाकत.

कक्कडाच्या अठराव्या दिवशी आमच्याकडे मद्दूची खीर होते. मद्दू म्हणजे औषध. ओलसर सावलीत वाढणारं साधं हिरवं झुडूप ते, इतर दिवशी कुणी ढुंकून बघत नाही. पण त्या दिवशी त्याच्या पाल्यात अठरा औषधं उतरतात म्हणतात. पाला उकळला की पाणी गर्द जांभळं होतं आणि घरभर असा वास सुटतो की माहेरी गेलेल्या बाईलाही घर आठवावं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना लघवी लाल होते. बाधत काही नाही, दोन दिवसांत जाते. सकाळी बांधावर भेटलं की आमची माणसं एकमेकांना विचारतात, लाल झालं का? झालं म्हणजे औषध लागलं.

यंदा नेमक्या त्या दिवशी बंगळुरातलं एक कुटुंब जेवायला येणार म्हणून फोन आला. नऊ माणसं. मंदण्णा आठवडाभर हवेत होता. चोमीने उजाडताच पाल्याचा भारा आणून टाकला. पायरीवर टेकता टेकता तिने पिंडरीची जळू उपटली, पायरीच्या कडेला पुसली आणि म्हणाली, "ओढ्याच्या वरच्या अंगाचा हाय, अय्या. खालच्याला यंदा गाळ बसलाय." मंदण्णाने भारा स्वयंपाकघरात जमिनीवर सोडला आणि आम्ही दोघं सूप घेऊन बसलो. एकूण एक डहाळी त्याने उलटसुलट करून पाहिली. किडका शेंडा नाही, गवताची काडी नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे याचीच गरज पडली.

पाहुणे आले ते ओलेचिंब, पण जेवणावर खूश. घरातले म्हातारे वरदराजन, पंच्याहत्तरीचे, गणिताचे निवृत्त मास्तर. त्यांनी अळंबीची आमटी दोनदा मागितली आणि जांभळी खीर तीनदा. त्यांच्या सुनेने प्रत्येक वाटीचा फोटो काढला. मंदण्णा खांबाला टेकून बघत उभा होता, आणि त्याचा तो चेहरा मी पुन्हा पाहिला नाही.

लाल होतं हे पाहुण्यांना सांगायचं माझ्याकडे होतं. सकाळीच ठरलं होतं, वाढताना देचम्मा, म्हणजे मी, सांगेल. पण पंच्याहत्तर वर्षांचा परका पुरुष पुढ्यात जेवत असताना मी बाईमाणसाने कसं म्हणावं की उद्या तुमची लघवी लाल होईल? म्हटलं, हात धुताना सुनेच्या कानात सांगू. हात धुताना पावसाची मोठी सर आली, त्यांनी गाडीकडे पळ काढला आणि माझ्याकडून राहून गेलं. खरं सांगायचं तर आमच्यातल्या कुणालाही ते सांगण्यासारखं वाटतच नाही. पाऊस ओला असतो हे काय पाहुण्याला सांगायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी वरदराजननी मोरीतून मुलाला हाक मारली. म्हाताऱ्याचं एक मूत्रपिंड आधीच काढलेलं होतं, हे आम्हाला काय ठाऊक. तासाभरात ते दवाखान्यात, हाताला सलाईन. तिकडे बाकीचेही एकेक करून मोरीत जाऊन आले आणि रडारड सुरू झाली. दुपारपर्यंत सुनेने आमच्या खिरीचा फोटो आणि सासऱ्यांचा खाटेवरचा फोटो शेजारी शेजारी लावून जगाला दाखवले होते. खाली लिहिलं होतं, या हॉटेलात विष वाढतात. मंदण्णाने ते वाचलं आणि फोन पालथा ठेवला. मग मला विचारलं, "तू सांगितलं होतंस ना?" मी नाही म्हणून मान हलवली. तो उठला आणि पडवीतल्या खुर्च्या टेबलांवर चढवायला लागला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब आले. बयलूसीमेकडचा, सपाटीवरचा माणूस, इथल्या पावसाला वैतागलेला. बूट काढला तर मोजा रक्ताने भिजलेला, जळू चिकटून टम्म झालेली. मी मीठ लावून ती सोडवली. माणूस वाईट नव्हता. पण त्याच्या हातात कागद होता आणि कागदावर रकाने होते. तांदूळ कुठला, गूळ कुठला, पाला कुठला. उरलेल्या पाल्याचा नमुना त्यांनी पिशवीत भरला, अहवाल येईपर्यंत हॉटेल बंद म्हणाले, आणि पाल्याची पावती दाखवा म्हणाले.

"पाल्याची पावती?" मंदण्णा आधी हसलाच. मग समजावायला लागला. साहेब, हे आमच्यात सगळ्यांना होतं. आज्यापणज्यापासून होतं. कुठल्याही घरात जाऊन विचारा.

"लेखी आहे का कुठे?"

"आता आमची लघवी कोण लिहून ठेवणार, साहेब?"

साहेब हसले नाहीत. ते म्हणाले की एक वयस्कर माणूस दवाखान्यात आहे आणि त्याला काही झालं तर हे हॉटेल कायमचं बंद होईल, शिवाय खटला वेगळा. मंदण्णाचं हसू मावळलं. त्याने पडवीकडे पाहिलं. टेबलांवर खुर्च्या उलट्या चढवलेल्या होत्या. बंगळुरातली जन्माची मिळकत त्या पडवीत होती, हे मला माहीत होतं आणि त्यालाही.

साहेबांनी विचारलं, पाला स्वतः तोडलात का? नाही म्हणाला, चोमी आणते, येरव बाई आहे. साहेबांनी लिहून घेतलं आणि पेन वर धरलं.

"तिने दुसरं कुठलं पान मिसळलं नसेल, याची खात्री देता?"

मागच्या दाराशी चोमी बसलेली होती. नेच्याच्या कोंबांची जुडी घेऊन ती नेहमीच्या वेळेला आली होती आणि आत माणसं बघून थांबली होती. दार उघडं होतं. मंदण्णाने तिला पाहिलं, मीही पाहिलं.

"सांगता येत नाही," मंदण्णा म्हणाला.

तीनच शब्द. मी तिथे हातभर अंतरावर उभी होते. सूप घेऊन आम्ही दोघं एकेक डहाळी निवडत बसलो होतो, हे मला सांगता आलं असतं. पाहुण्यांना सांगायचं मीच विसरले, हेही. माझ्या हातात मिठाचा डबा होता आणि मी त्याचं झाकण लावत राहिले, एवढंच मला आठवतं.

साहेबांनी चोमीला आत बोलावलं. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा पायरी चढून आमच्या स्वयंपाकघरात आली, ती अंगठा द्यायला. ओल्या पायांचे ठसे जमिनीवर उमटले म्हणून ती पदराने पुसायला वाकली, तर साहेब म्हणाले, राहू दे. अंगठ्याला शाई लावली, कागदावर दाबला. त्यावर काय लिहिलंय ते तिला कुणी वाचून दाखवलं नाही. जाताना तिने जुडी उचलली.

"ही बी परत न्यायची न्हवं?" तिने मंदण्णाला विचारलं. ती जुडी घेऊन गेली.

दोन दिवसांत वरदराजन घरी गेले, ठणठणीत. सगळ्यांचं लाल आपोआप गेलं. तीन आठवड्यांनी कागद आला की नमुन्यात काही दोष नाही, हॉटेल उघडायला हरकत नाही. म्हाताऱ्याने स्वतः फोन केला. सुनेच्या वतीने त्यांनी माफी मागितली, खिरीचं पुन्हा कौतुक केलं आणि मला म्हणाले, "आधी सांगितलं असतंत तर मी चार वाट्या खाल्ल्या असत्या." मी फोनवर हसले आणि फोन ठेवून रडले.

हॉटेल उघडलं पण चोमी आली नाही. मंदण्णा सकाळी सातला मागच्या दाराशी जाऊन उभा राही आणि पायरी बघून परत येई. नेचे खुडायला तो स्वतः रानात गेला तर गुडघ्यामुळे ओढ्यात घसरला आणि कोपर सोलून आला, टोपलीत मूठभर जून कोंब. शेवटी म्हैसूरकडून येणाऱ्या गाडीवाल्याकडून प्लास्टिकच्या डबीतली पांढरी बटणासारखी अळंबी घ्यावी लागली. त्याने ती कापली, फोडणीला टाकली, चाखली नाही. गिऱ्हाइकं छान म्हणून गेली. त्याने त्या दिवशी पाटी पुसली नाही, भिंतीकडे तोंड करून ठेवली.

सोमवारी मी बाजारात गेले तेव्हा चोमी दिसली. पुढ्यात पोतं, पोत्यावर केळीचं पान, पानावर वारुळाची अळंबी, ताजी, लांब मुळांसकट. भर मोसमात एरवी ही टोपली तासाभरात उठायची. आता बाया येत होत्या, एखादी अळंबी उचलून नाकाशी नेत होत्या, खाली ठेवत होत्या. एकजण मंदण्णाच्या चुलतभावाची बायको होती. तिने चोमीला हसत विचारलं, "यात काय काय मिसळलंयस गं?" बाकीच्या हसल्या. मद्दूने लाल होतं हे त्या सगळ्यांना पाठ होतं, साहेब वेडा हेही ठाऊक होतं. तरी पण साहेबांच्या कागदावरचं बोलणं बाजारभर पसरलं होतं. मंदण्णासारखा जाणता माणूस खात्री देत नाही म्हणाला, म्हणजे असेल काहीतरी, असं त्यांचं चाललं होतं. माझ्याकडे चोमीने पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. दुपारी तिने ती टोपली गटारात ओतली.

घरी येऊन हे मी मंदण्णाला सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. तो जेवत होता, ताट सारून उठला. पुढच्या रविवारी दुपारी त्याने काठी घेतली. मीही निघाले.

पाडीवर चोमी घराच्या ओट्याशी बसून उद्याच्या बाजाराची अळंबी साफ करत होती. आम्हाला बघून उठली नाही. एरवी ती उठायची, पदर सावरायची. मंदण्णा तिच्यासमोर चिखलात उकिडवा बसला, गुडघे वाजले. चूक झाली म्हणाला. घाबरलो म्हणाला. ती देठांवरची माती पुसत राहिली.

मग तिने टोपली त्याच्यापुढे ढकलली. "निवड."

"काय?"

"तुला सांगता येत न्हाई म्हनालास न्हवं. मग बघ एकेक आनि सांग."

इतक्या वर्षांत तिने त्याला पहिल्यांदाच अरेतुरे केलं. मंदण्णाने मान खाली घातली आणि निवडायला लागला. अळंबी उचलायची, उलटी करायची, मूळ बघायचं, चांगली म्हणायचं, बाजूला ठेवायची. चांगली. चांगली. ही चांगली. पाऊस भुरभुरत होता. त्याच्या टकलावरून पाणी ओघळून नाकाच्या शेंड्याला लोंबत होतं आणि तो ते पुसत नव्हता. शे-सव्वाशे तरी असतील. मध्ये एक अर्ध्यात तुटलेली निघाली, तीही त्याने पाहिली आणि चांगली म्हणून बाजूला ठेवली.

टोपली संपली. चोमीने निवडलेल्या ढिगात हात घातला आणि बरोबर ती तुटकी अळंबी काढली. छत्री उलटी करून त्याच्या डोळ्यांपुढे धरली. खालच्या पापुद्र्यांवर फिकट हिरवी झाक होती, कच्च्या पेरूच्या गरासारखी. मी वाकून बघितली तेव्हा मला दिसली.

"ही वारुळाची न्हवं. ही खाल्ली तर दोन दिस ओकून ओकून आतडी बाहेर यील. मीच टाकलीया. तुजी नजर बघायची हुती." तिने ती दूर उकिरड्यावर भिरकावली आणि हात राखेने चोळून धुतले. "आनि ही तुज्या त्या पावन्या म्हाताऱ्याच्या ताटात गेली असती तर कुनाच्या हातची म्हनून सांगितलं असतंस?"

मंदण्णा रडला. मी त्याला वडील गेले तेव्हा रडताना पाहिलं होतं, त्यानंतर आत्ता. तो म्हणाला की तुझ्या नजरेवरच माझं हॉटेल उभं आहे, चोमी, हे मला पहिल्यापासून माहीत होतं.

"मला कशाला सांगतोस? मला ठावं हाय," ती म्हणाली. "बाजारात सांग."

सोमवारी हॉटेल बंद ठेवलं. सकाळी आठला मंदण्णा बाजारात चोमीच्या शेजारी ओल्या जमिनीवर पोतं अंथरून बसला. जमीनदार कोडव घरातला माणूस, बंगळुरात शेफ होता तो, येरव बाईच्या टोपलीशी मांडी घालून बसलेला बघून लोक थबकायला लागले. त्याच्या चुलतभावाने येऊन हळू आवाजात, उठ, शोभत नाही म्हणून सांगितलं. तो उठला नाही. जो येईल त्याला तो सांगत होता, साहेबापुढे मी खोटं बोललो, पाला मी स्वतः निवडला होता, चोमीची काही चूक नाही. मीही तोंड उघडलं. पाहुण्यांना सांगायचं माझ्याकडे होतं, मी लाजले, राहिलं, असं मी त्या चुलतजावेला सगळ्यांदेखत सांगितलं. ती आ वासून बघत राहिली.

आणि अळंबी खपायला लागली. बाया वाकत होत्या, पण विचारत होत्या मंदण्णाला. "चांगली आहे ना, मंदण्णा? तू बघितलीस ना?" तो म्हणायचा, मी काय बघणार, तिने बघितली आहे. त्या मान डोलवायच्या, हसायच्या आणि म्हणायच्या, तू बसला आहेस म्हणजे झालं. चोमीकडे कुणी पाहत नव्हतं. ती पानात अळंबी बांधून देत होती, बाया पुडी तिच्या हातातून घेत होत्या आणि मंदण्णाचा निरोप घेत होत्या.

दहा वाजायच्या आत टोपली रिकामी झाली. मंदण्णाच्या चेहऱ्यावर जरा तजेला आला होता. तो तिच्याकडे वळून काही बोलणार, तेवढ्यात तीच बोलली. आवाज चढवला नाही, रागावलीही नाही.

"चाळीस वर्सं माज्या डोळ्यांवर इकत हुते. आता तुज्या तोंडावर इकायची."

तिने पोतं झटकलं, घडी करून डोक्यावर घेतलं आणि रिकामी टोपली कमरेशी धरून पाडीच्या वाटेला लागली. मंदण्णाने हाक मारली नाही. त्याला गुडघ्यांवर उठता येईना, मी हात दिला.

मागच्या दाराने आत शिरलो. पायरी ओली होती. मी कोनाड्यातला पालथा पेला काढला, घासला आणि आमच्या पेल्यांच्या रांगेत ठेवून दिला. मंदण्णा चुलीशी बसून माझ्याकडे बघत होता.

"उद्या येईल का गं ती?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "सांगता येत नाही."